लोककथेचं उदाहरण

सातवीच्या फायनलला, म्हणजे तेव्हाच्या सरकारी परीक्षेला, मराठीच्या पेपरात साहित्यप्रकारावर निबंध यायचा. नाटक म्हणजे काय, कादंबरी म्हणजे काय, असले. आमच्या मुळशीच्या डोंगरातल्या वाडीत कादंबरी पाहिली होती कुणी? पण गुरुजी हटवादी. ‘आधी लक्षणं, मग उदाहरण. उदाहरणाशिवाय निबंध म्हणजे मिठाशिवाय कालवण,’ म्हणत ते आमच्या वह्या लाल करत.

फायनलचा फॉर्म कुणाकुणाचा भरायचा, हे त्यांच्या चाचणीवर ठरणार होतं. माझा भरला गेला नाही तर शाळा बंद, असं वडिलांनी बजावलेलं. त्यांच्याशी भांडून मला सातवीपर्यंत टिकवलं ते मामाने. निकाल ऐकायला तो त्याच दिवशी रान तुडवत यायचा होता.

चाचणीत विषय आला लोककथा. लक्षणं मी भराभर लिहिली. उदाहरणापाशी मात्र हात थांबला. आमच्यात दिवसा गोष्ट सांगत नाहीत. सांगितली तर मामा वाट चुकतो. आणि माझा मामा तर त्या घटकेला खरोखरच वाटेत होता! शेवटी लिहून टाकलं, ‘उदाहरण दिवे लागल्यावर सांगेन. मामा वाटेत आहे.’

गुरुजींनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. पोरं खिदळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजी मात्र हसले नाहीत.

‘गोष्टीचे आणखी काय नियम आहेत तुमच्यात?’

‘ऐकनाऱ्यानं हुं म्हनायचं. त्यो थांबला, की गोष्ट तितंच सोडायची,’ मी पुटपुटले.

‘मग हे का नाही लिहिलंस? लोक गोष्ट कशी जपतात, त्याचं याहून चांगलं उदाहरण कुठलं?’ त्यांनी वही पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

मी आणखी चार ओळी लिहिल्या आणि फॉर्मच्या यादीत माझं नाव चढलं. इतकं हलकं मला नंतर कधीच वाटलं नाही, अगदी नोकरी लागली तेव्हाही नाही.

मामा उन्हं कलताना पोचला आणि ओट्यावर बसून तळव्यातले काटे काढू लागला. मी मोठ्या तोऱ्यात त्याला सगळं सांगितलं. वाटलं, पाठ थोपटेल. तो तर भडकलाच.

‘येडी का काय तू? मी वाट चुकलो असतो, तर इचारत इचारत आलो असतो. तुझी शाळा गेली असती, तर ती कुनाला इचारून आनायची व्हती?’