दादाच्या रेकॉर्डवरचा साहेब

परवा रेडिओवर जॅझची एक जुनी रेकॉर्ड लागली आणि निवेदकाने वादक म्हणून कुणा साहेबाचं नाव घेतलं. मी ताडकन उठून बसले. असा साहेब कधी नव्हताच. तो सॅक्सोफोन माझ्या दादाचा होता.

स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. दादा बोटीवर नोकरीला असताना ते वाद्य शिकला, मग मुंबईत त्याने स्वतःचा बँड उभा केला. पहिली रेकॉर्ड निघाली तशी ती घेऊन तो रत्नागिरीला आला. शेजारच्या काकांनी आपला ग्रामोफोन आमच्या ओटीवर आणून ठेवला. अंगणात आमसुलं वाळत होती. त्या आंबूस वासात ते खोल, भरदार सूर पसरले. आई पापणी न लवता ऐकत होती.

रेकॉर्ड संपल्यावर काकांनी लेबल वाचलं. "अरे, हे तर कुणा साहेबाचं नाव!"

"कंपनी म्हणते, मराठी नावाने असली रेकॉर्ड खपायची नाही," दादा हसून म्हणाला.

आई हसली नाही. "फुंकलंस तू नि नाव त्या मेल्याचं? परत जा नि सांग त्यांना, माझं नाव घालणार असाल तरच वाजवीन."

दादाने खरंच तसं सांगितलं. कंपनीने दुसरा वादक बघितला आणि दादाच्या बँडची रेकॉर्ड पुन्हा कधी निघाली नाही. तेव्हा मला त्याच्या बाणेदारपणाचा केवढा अभिमान वाटला होता! आज नुसता संताप येतो. नाव चोरलं त्यांनी, आणि गप्प बसावं लागलं माझ्या दादाला.