मामाजींचं नख

जिवंत काय आणि मेलेलं काय, हे अख्ख्या नागपुरात खात्रीने सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो आमच्या नात्यात होता. माझ्या बायकोचे मामा, म्हणजे आमचे मामाजी, उमरेडजवळच्या कोळसा खाणीत रोपं मोजायच्या नोकरीवर होते. खाणीतून उपसलेल्या माती-दगडांचे डोंगर साचत. त्यांच्यावर पावसाळ्यात करंज, सिरस, शिसूची रोपं लावली जात आणि त्यातली किती जगली हे मामाजी सांगत. पद्धत त्यांची स्वतःची. उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं. त्याने रोपाची साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत, नाहीतर मयत. त्या नखाच्या काळजीपायी ते वरणभात चमच्याने खात आणि एसटीतला दांडा डाव्या हाताने धरत.

खाणीपुरतं हे ठीक होतं, पण मामाजींना दिसेल ते खरवडायची खोड. सदर भागातल्या एका बड्या दुकानाच्या दाराशी ठेवलेलं कुंडीतलं झाड त्यांनी असंच खरवडलं आणि ते प्लास्टिकचं निघालं, तेव्हा उलट त्यांनीच दुकानदाराला फैलावर घेतलं, "काहून गा, गिऱ्हाइकाले फसवून राहिला?" मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही माझ्याकडे बराच वेळ टक लावून पाहत ते म्हणाले होते, "पोरगा वाळका दिसते, पण जीव हाय." त्या शेऱ्यावर माझं लग्न जमलं. वर त्याच खाणीच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागलो, त्यामुळे नागपुरातल्या नंदनवन वस्तीतून सकाळची एसटी आम्ही दोघं मिळूनच धरू लागलो.

मेलेल्या रोपाला ते लाल चिंधी बांधत, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात मजुरांनी ते उपटून त्या जागी नवं लावायचं. चिंध्या मामींच्या लुगड्यांच्या. "यायच्या मेलेल्या झाडायपायी मले एक लुगडं धड राह्यलं नाही," असं मामी आल्यागेल्याला ऐकवत.

एका वर्षी होळीनंतरच्या मोजणीत सगळ्यात मोठ्या ढिगावरची निम्म्याहून जास्त रोपं मयत निघाली. वरून हुकूम आला होता, की निम्मी जगली नसतील तर लागवड कायमची बंद. म्हणजे तो ढीग जन्मभर उघडा-बोडका राहणार आणि त्याची धूळ खालच्या गावात लोकांच्या ताटात पडणार. अहवाल मीच टाइप करणार होतो. मी हळूच म्हणालो, "मामाजी, थोडी इकडची तिकडे करू. कोण मोजायला बसलंय?" मामाजी माझ्यावर असे तापले, की शेजारच्या टेबलावरचा चहा पिणारा थांबला. "मेलं ते मेलं, जवाईबापू! मी माह्या नखाले खोटं बोलाले लावू काय?" त्या दिवसानंतर ते रुसल्यासारखे त्या ढिगाकडे फिरकलेच नाहीत. माणूस इतका खरा असू नये, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

मे संपता संपता, लागवड बंद करण्याआधी ढीग स्वतः पाहायला मोठे साहेब जीपमधून आले. मामाजी त्यांना ढिगावर घेऊन गेले, मागे फाइल घेऊन मी. "हे पाहा साहेब, मयत," म्हणत त्यांनी लाल चिंधीचा एक करंज वाकून बुडाशी खरवडला आणि तसेच वाकलेले राहिले. आत हिरवं होतं. बाजूलाच कोवळी पानं फुटली होती. मामाजी दुसऱ्या चिंधीकडे धावले. हिरवं. तिसरीकडे. हिरवं! "ये तो जिंदा है," साहेब म्हणाले. "साहेब, याले तं मीच मारलं होतं कागदावर!" मामाजी ओरडले.

तेवढ्यात खाणीच्या नळावरून पाण्याचे गुंड डोक्यावर घेऊन गावातल्या बाया ढिगावरच्या पायवाटेने आल्या. पुढची म्हातारी भडकलीच. "काहून गा, देवीची झाडं काहून खरवडून राहिला?" मग उलगडा झाला. लाल चिंध्या पाहून बायांना वाटलं, कोणीतरी नवसाच्या बांधल्या. येता-जाता प्रत्येकीने गुंडातलं थोडं थोडं पाणी त्याच रोपांना घातलं, अख्खा उन्हाळा, आणि मुळाशी उरलेला जीव पुन्हा फुटला.

मामाजींनी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून देवी-नवस सोडले होते. ते म्हातारीपुढे हात जोडून म्हणाले, "देवीनं नाही वं माय, तुमच्या पाण्यानं जगवलं."

"कोणी का जगवेना," म्हातारी म्हणाली. "याच्याखाली माह्यं वावर हाय."

साहेबांनी तिथेच फेरमोजणीचा हुकूम दिला. लागवड चालू राहिली. मामाजींनी सगळ्या रोपांची मोजणी पुन्हा केली, आपल्याच हाताने 'मयत' शब्द खोडत गेले आणि परतीच्या एसटीत "हरलो हो जवाईबापू, झकास हरलो!" असं म्हणत सगळ्या उतारूंना भुईमुगाच्या शेंगा वाटल्या. आयुष्यात एकदाच चुकून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे निवृत्त झाल्यावरही दर उन्हाळ्यात ते एकदा उमरेडची एसटी धरत आणि त्या पहिल्या करंजाला गडवाभर पाणी घालून येत. मामाजी गेल्याला आता बरीच वर्षं झाली. ढिगावर इतकी दाट सावली असते की हा खाणीच्या माती-दगडांचा ढीग आहे हे सांगावं लागतं. त्या करंजाच्या बुंध्यात मामींच्या लुगड्याची चिंधी पार रुतून बसली आहे. त्याला आता कोणाच्या पाण्याची गरज नाही, हे मलाही कळतं. मामाजींची फार आठवण आली की मी गडवा घेऊन जातो आणि तरीही घालतो.