बांध बघायला गडावर

गडावर लोक नजारा बघायला जातात. आम्ही बांध बघायला गेलो.

आमचं गाव मुळशीत, गडाच्या अगदी पायथ्याला. पण माझे वडील, आण्णा, सत्तर वर्षांत एकदाही वर गेले नव्हते. ("वर काय पिकतंय?") शेजारचं वावर त्यांच्या चुलतभावाचं, म्हणजे आमच्या तात्यांचं. तात्या दरसाल मधला बांध कोरतात, असा आण्णांना संशय. त्यावरून दोघांत वर्षभर अबोला! मी भूगावच्या फ्लॅटमधून शहाणपण घेऊन आलो, "आण्णा, गडावरून सगळं शिवार नकाशासारखं दिसतं. बांध सरकला असेल तर लगेच कळेल!" शिवाय मलाही कुतूहल होतंच, आपली जमीन घारीला कशी दिसत असेल?

नवी दुर्बीण गळ्यात घालून निघालो. पडक्या दरवाज्यापाशी मी तीनदा बसलो, आण्णा एकदाही नाही. तटावर पोचलो तर तिथे आधीच कुणीतरी पालथं पडून खाली बघत होतं. तात्या!

"तू हितं?" आण्णा ओरडले. (वर्षभरातलं पहिलं वाक्य!)

"नजारा बघतुया," तात्या म्हणाले.

"कुटला?"

"तुमी जो बघाया आलाय, त्योच!"

झालं! दुर्बीण आण्णांकडे, मग तात्यांकडे, पुन्हा आण्णांकडे. मागे धरणाचं निळंशार पाणी दूरवर पसरलेलं, पण तिकडे दोघांची पाठ. इथेच जुंपली तर दोघांना खाली कसं न्यायचं, म्हणून मी दोघांच्या मधे जाऊन बसलो.

"बांध तर जाग्याव हाय रं," आण्णा पुटपुटले. जरा हिरमुसलेच.

"मंग? मी काय येगळं सांगत हुतो?"

"पर बांधाच्या पल्याड, तुज्या वावरात, ते सिमेंटचं खांब कसलं?"

"तुमच्या लेकानं परवा माणसं धाडून ठोकल्यालं कुंपण हाय त्ये! किती आत घुसलंय, त्येच बघाया आलोय."

दुर्बीण खाली आली. दोघांनी सावकाश माझ्याकडे बघितलं.

"अहो, मोबाइलवर नकाशा बघून आखलं मी," मी चाचरत म्हणालो, "भूगावला बसून..."

"वावरात पाय न ठेवता?" आण्णा गरजले.

"लई शिकलंय पोरगं," तात्या म्हणाले, आणि दोघे इतके हसले की तटावरची माकडं पळाली!

उतरताना दोघे खांद्याला खांदा लावून पुढे, खांब कधी उपटायचे ते ठरवत. अख्ख्या भावकीला जो समेट वर्षभर जमला नाही, तो मी तासाभरात घडवून आणला. त्यासाठी फक्त दोघांचा समाईक शत्रू व्हावं लागलं!