चारदा आउट, पन इचारलं कोनी?

माझ्या साळ्याएवढा चेंडू वळवनारा मानूस या देशात झाला नाई, पुढंही होनार नाई. हे मी म्हनून राह्यलो म्हून खोटं समजू नका. माझ्या बाकी गोष्टी खोट्या असतात, हे माझी बायको कोनालेही सांगते. पन हे खरं हाय. तो टेस्ट म्याच खेळला नाई. काऊन खेळला नाई? कोनी म्हनते नशीब, कोनी म्हनते नागपूरवाल्याईनं आपला मानूस दाबला. नशीब-गिशीब काई नाई बापा. मी होतो ना मधात!

साळा माझा पोंभुर्ण्याकडचा, ढिवराच्या घरचा. तलावात जाळं फेकाचं, मासोळी काढाची, हा बापजाद्याईचा धंदा. मी माजरीच्या कोळसाखानीत, बत्तीघरात होतो. मजूर खाली उतरले का त्याईले बत्त्या द्याच्या, वर आले का मोजून घ्याच्या. मोजता मले वीसपरेंतच येत होतं, म्हून माझ्याजवळ कोपऱ्यातल्या वीस बत्त्या. साळा वर्सातून दोनदा बहिनीच्या भेटीले येये, वाळल्या झिंग्याईची पुडकी घेऊन. खानीचे म्यानेजर साहेब बंगाली होते. मासोळी अन् किरकेट, या दोन गोष्टीवर त्याईचा जीव. झिंग्याच्या वासानं ते एक दिवस आमच्या दारापरेंत आले, अन् तितक्यात खानीच्या मैदानातला चेंडू आमच्या अंगनात येऊन पडला. साळ्यानं तो उचलला, नाकाले लावून हुंगला, अन् उभ्या जागेवरून मनगट फिरवून असा सोडला, का चेंडू जमिनीवर टेकला, हातभर वळला अन् साहेबाच्या धोतराचा सोगा चाटून गेला. साहेबानं झिंगे तथीच सोडले. म्हने, "ये आदमी कौन है?" मी छाती काढून म्हनलं, "मेरा साला है साब." साहेब म्हने, "तुमको कौन पूछता है?"

दुसऱ्या दिवसापासून साळा खानीच्या टीममंदी. त्याची तऱ्हाच न्यारी. पायात जोडा नाई. "जोड्यानं भुई समजत नाई," म्हने. बाकीचे बोलर कोसभर धावत येत, हा दोन पावलं टाके, कारन डोंग्यावर धावाले जागा कुठी असते? बॅटवाल्याच्या तोंडाकडं पाह्याचं नाई, फक्त पायाकडं, पान्यावरचे बुडबुडे पाह्यल्यासारखं. अन् परत्येकाले मासोळीचं नाव. मी बहिनीचा नवरा म्हून मले तो भाटवे म्हने. कोनी उड्या मारून खेळला का म्हने, "भाटवे, हा झिंगा हाय, याले तळाशी देतो." कोनी चिकट असला का, "हा मरळ हाय, चिखलात बसला. खिजवा लागते." एकदा मी इचारलं, "मंग मी कोन?" तो म्हने, "तुमी जाळ्यात येनारा पालापाचोळा हाव."

मी त्या टीममंदी कसा घुसलो हे सांगतो. बॅटिंग मले येत नव्हती, बोलिंग तर नाईच. पन साळ्याचा चेंडू कोन्या अंगाले वळनार हे माजरीत फक्त मले समजे. लग्नापासून त्याले जाळं फेकताना पाह्यलं होतं. खांदा इकडं पडला का जाळं तिकडं खुलते, एवढंच त्यातलं शास्तर. म्हून मले दांड्याईच्या मागं उभं केलं. मी चेंडू हातानं कमी अन् पोटानं जास्ती पकडो. पन चेंडू पोटाच्या पुढं जात नव्हता, कारन पोटाच्या पुढं जागाच नव्हती.

अन् दुसरं कारन माझा गळा. खानीचा भोंगा बिघडला का मलेच वरडाले उभं करत. साळ्याले या गळ्याची लय गरज होती. किरकेटात असं हाय, बॅटवाला आउट असला तरी कोनी वरडून इचारल्याबिगर अंपायर बोट वर करत नाई. अन् साळा इचारेच ना! त्याईच्या घरची रीतच तशी. जाळं पान्यात असेपरेंत तोंड उघडाचं नाई, मासोळी काठावर पडेपरेंत 'सापडली' म्हनाचं नाई. त्याच्या बाच्या हातून एक डाव ते झालं होतं. मोठा मरळ जाळ्यात, म्हातारा आनंदानं वरडला, अन् मरळ जाळं फाडून गेला. तवापासून घरात सक्त मनाई. साळा म्हने, "अंपायरचं बोट वर गेलं का मासोळी काठावर आली. तवरिक ते पान्यातच हाय." म्हून तो फेके अन् मी वरडो. माझ्या वरडन्यानं अंपायर दचकून बोट वर करे. असे आमी दोघं मिळून एक बोलर होतो.

मंग साहेबानं कुठी-कुठी चिठ्ठ्या लिवल्या अन् नागपुराहून बोलावनं आलं. प्रांताच्या टीमची निवड होती. साहेब म्हने, "इसमें आ गया तो आगे टेस्ट." साळ्याले टेस्ट काय ते मालूम नव्हतं, पन त्या दिवशी तो जेवला नाई. बहिनीले हळूच म्हने, "बाई, मले खेळाचं हाय वो." जल्मात त्यानं काई मागतलं असंन तर तेवढंच. साहेबानं माझंही नाव घातलं, त्याचा चेंडू दुसऱ्या कोनाले पकडताच येत नव्हता म्हून.

आता माझी अक्कल पाहा. निवडीच्या दोन दिवस आंधी सासुरवाडीची मंडई, म्हंजे गावची जत्रा होती, अन् मंडईच्या रातच्या दंडारीत, त्या नाचगान्याच्या नाटकात, मी राक्षस. राक्षसाले काम काय, तर एकदा येऊन गडगडाटानं हासाचं अन् मराचं. मी हासलो. लोकाईनं टाळ्या पिटल्या. मी मेलेला उठलो, पुन्हा हासलो. पुन्हा टाळ्या. बायको आजही म्हनते, "राक्षसाचं हासनं एक डाव होतं, तुमी सात डाव हासले." आठव्या डावाले तोंड उघडलं अन् आतून नुसता वारा आला.

बायकोनं मिरे-गूळ उकळून पाजला, हळद पाजली. काई नाई. गाडीत साळ्यानं इचारलं, "भाटवे, गळा?" मी मान हालवली. तो खिडकीबाहीर पाहत म्हने, "येईन तो. नागपूर दूर हाय."

नागपूर आलं, गळा आला नाई.

मैदानावर अशी हिरवी दूब का साळ्यानं आंधी वाकून हात लावून पाह्यला. सावलीत तीन खुर्च्या, त्यात निवडनारे तीन मोठे लोक. अंपायर एक म्हातारे मास्तर, सरळ काठीसारखे. फिल्डिंगले उभे सारे निवडीसाठीच आलेले, जो-तो आपल्यापुरता. बॅटीवर एक गोरापान जवान, इस्तरीची पॅन्ट, ज्याचं नाव आंधीच टीममंदी लिवलेलं हाय असं सारेच म्हनत.

साळ्यानं पाय पाह्यले अन् मले खुनावलं, मरळ हाय म्हून. तिसऱ्याच चेंडूले बॅटीची कोर लागली. टिक! चेंडू माझ्या हातात. पोटात नाई, हातात! मी छाती फुगवून वरडलो, अन् सायकलच्या टूबमधून निघते तसा आवाज आला. मास्तर तसेच उभे. बाजूले स्लिपमंदी उभा होता तो सवता बोलर. त्यानं ऐकलं होतं, पन तो ढग पाहाले लागला. मी हात हालवले, उड्या मारल्या. मास्तर म्हने, "काय हो, पाणी हवंय का?"

दुसऱ्यांदा चेंडू पायावर, दांडीसमोर. तिसऱ्यांदा पुन्हा कोर, पुन्हा माझ्या हातात. दांडीच उडाली असती तर इचाराचं कामच नव्हतं, पन त्याचा चेंडू इतका वळे का दांडीले लाजून बाजूनं जाय. दोन्ही डाव मी तोंड वासून उभा. साहेब दोरीच्या बाहीर आपलेच केस उपटून राह्यले होते.

मंग त्याची शेवटची ओवर. चौथ्यांदा कोर लागली, अशी का झाडावरच्या कावळ्यानंही ऐकली असंन. चेंडू माझ्याजवळ. मी तो छातीशी धरून साळ्यापुढं हात जोडले. एक डाव, तूच म्हन ना लेका! त्यानं माझ्याकडं पाह्यलं. खुर्च्याईकडं पाह्यलं. ओठ उघडले. मले वाटलं, निघाला शब्द. अन् त्यानं ओठ मिटले, हात पुसले, पुढच्या चेंडूसाठी जागेवर जाऊन उभा राह्यला.

खुर्चीवाल्याईच्या कागदावर त्याच्या नावापुढं एकही विकेट नव्हती. निवड झाली त्या ढग पाहनाऱ्याची.

सारे निघाले तवा तो गोरापान जवान जवळ आला. म्हने, "मी चारदा आउट होतो. तुम्ही विचारलं का नाही?"

साळा म्हने, "तुमाले मालूम होतं ना जी?"

तो खाली पाहत निघून गेला.

गाडीत मी डोक्याले हात लावून रडलो, तेही बिनआवाजाचं. साळ्यानं माझ्या खांद्यावर आपलं घोंगडं टाकलं, एवढंच. माजरीच्या टेसनावर अर्धी खान जमली होती. बत्तीघरवाले, मजूर, बायको, सारे मलेच इचारून राह्यले, "काय झालं? काय झालं?" मी काय सांगू? गळाच नाई. अन् तवा हा मानूस, जो सवतासाठी जल्मात वरडला नाई, तो टेसनाच्या बाकड्यावर चढला अन् सारे ऐकतीन असा बोलला, "भाटव्यानं कॅच घेतले! तीन! नागपूरचे लोक पाहत राह्यले!" मंग मले खांद्यावर घेतलं, बत्तीघरापरेंत नेलं. कोनीतरी त्याले इचारलं, "अन् तुमी?"

"मी फेकत होतो," तो म्हने.

माझा गळा तिसऱ्या दिवशी आला. सांगता आलं असतं. पन तवरिक बत्तीघरात लोक मले सरकून जागा द्याले लागले होते, मुकादम चहा पाजून राह्यला होता. म्हनलं उद्या सांगू. साळा तवरिक तलावावर निघून गेला होता.

आताही तो दिवाळीले येते. नातवंडं भवती बसतात अन् म्हनतात, "बुढ्या, नागपूरचे कॅच सांग." मी सांगतो. साळा कोपऱ्यात भिंतीले टेकून ऐकते, अन् मी अडखळलो का हळूच म्हनते, "हो जी, हातातच घेतले. मी पाह्यले ना." मी त्याच्याकडं पाहत नाई. सुपारी कातरत राह्यतो.