बेटावरची पोच

विहिरीवरची मोटार जळाली, म्हणून केजला एका दुकानात वाइंडिंग भरायला टाकली होती. ती आणायला गेलो, तर दुकानदार हेडफोन लावून माईकमध्ये तेच तेच शब्द बोलत बसलेला. छतावरच्या बांबूपासून समोरच्या लिंबापर्यंत तार ताणली होती. तिच्यावरून परदेशातल्या हौशी रेडिओवाल्यांशी बोलायचं, हा त्याचा छंद. शंभर देशांशी बोलणं झालं आणि ऐकू आल्याची पोच म्हणून तिकडून टपालानं कार्डं आली की प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी भिंतीवर काचेची चौकट आधीच लावलेली, पण रिकामी.

"एका बेटावरनं पोच यायची हाय. तेवढं कार्ड आलं की झालं."

"पण बोललात ना तिथल्या माणसाशी? मग धरा की शंभर झाले."

त्यानं बाहीनं चौकटीची काच पुसली. "मला तो ऐकू आला. मी त्याला ऐकू गेलो का न्हाई, ते त्यानंच सांगाया पायजे. आपल्या मनानं कसं धरावं?"

मी मोटार गाडीला बांधली. तोवर तो पुन्हा पाठमोरा, कानाला हेडफोन.

"येतो," मी म्हणालो.

एरवी तसाच निघालो असतो. त्या दिवशी गाडीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तो वळला, त्यानं हात वर केला. मग किक मारली.