बाबांनी लावलेलं फाटक

माझे वडील कराडजवळच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचे. आई गेल्यानंतर एका जानेवारीत ते पहिल्यांदा आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये पामर्स्टन नॉर्थला राहायला आले. रोल घालायचा कॅमेरा जाऊन आमच्या घरी नुकता डिजिटल आला होता, आणि मी आणि माझा नवरा त्यांना जिथे नेऊ तिथे त्यांचे फोटो काढत होतो. समुद्र पाहिला, ज्वालामुखी पाहिला, गरम चिखलाचे बुडबुडे पाहिले. ते सगळं पाहून घ्यायचे, छान आहे म्हणायचे आणि गाडीत बसायचे.

एके रात्री जेवताना ते म्हणाले की आयुष्यभर मुलांना इंग्लंडमधल्या खेड्यांचे धडे शिकवले, तसलं एखादं खेडं बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. इंग्लंड काही रस्त्यावर नव्हतं. पण नवऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी एक गाव सांगितलं. दीडशेएक वर्षांपूर्वी इंग्लंडहून बोटीने आलेल्या लोकांनी वसवलेलं, मागे सोडून आलेल्या गावासारखंच बांधलेलं. शनिवार, रविवार आणि जोडून आलेली सोमवारची सुट्टी साधून आम्ही तिथे एक जुनं कॉटेज भाड्याने घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलो, आणि शनिवारी सकाळी मला वडील नव्याने दिसले. ते आमच्या पुढे चालत होते. दगडी चर्च, त्याच्या अंगणातल्या शेवाळलेल्या कबरी, लोहाराचा जुना भाता, ओकची झाडं, क्रिकेटचं मैदान, सगळ्याला ते ओळखीच्या माणसासारखे भेटत होते. कुंपणाच्या झुडपांना हात लावून म्हणाले, ही हेज. आमच्याकडे मुलं हेज म्हणजे भिंत समजायची. चर्चपाशी गावाच्या इतिहासाचा फलक होता. तो त्यांनी पूर्ण वाचला आणि बोटीच्या आधी इथे कोण होतं ते यात नाही, असं म्हणाले. आम्ही दोघं पाच वर्षं या देशात राहून असा फलक कधी शेवटपर्यंत वाचला नव्हता.

चर्चमागून एक पायवाट टेकडीकडे जात होती. ती खाजगी शेतांमधून जायची, पण चालणाऱ्यांना मुभा होती. पहिल्याच कुंपणापाशी वडील थांबले. तारेवरून पलीकडे जायला दोन्ही बाजूंनी लाकडी पायऱ्या केल्या होत्या.

"धड्यातलं स्टाइल म्हणजे हे," ते म्हणाले. "मी फळ्यावर दरवर्षी शिडी काढायचो. चूक काढत होतो."

मग पँट वर ओढून ते त्या पायऱ्या चढले, पलीकडे उतरले आणि नवऱ्याने फोटो काढावा म्हणून पुन्हा मागे येऊन चढले. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं हौसेने काही करताना पाहिलं नव्हतं.

टेकडीच्या कडेने, इथल्या जानेवारीतल्या उन्हाळ्याने पिवळ्या पडलेल्या पॅडकमधून आम्ही बराच वेळ चाललो. पॅडक म्हणजे इथली तारेने वेगळी केलेली चरायची शेतं. वर चढावर मेंढ्या विखरून चरत होत्या. दोन पॅडकच्या मध्ये एक लोखंडी फाटक होतं, सताड उघडं, साखळीने कुंपणाला बांधलेलं. आम्ही दोघं बोलत पुढे गेलो. वडील मागे राहिले. वळून पाहिलं तर त्यांनी साखळी सोडवली होती आणि फाटक लोटून नीट कडी घालत होते.

नवरा म्हणाला, "बाबा, राहू द्या. तसंच असेल ते."

"कुणाची जनावरं बाहेर पडली म्हणजे?" वडील म्हणाले. साखळीचा एक वेढाही त्यांनी वरून दिला.

मीसुद्धा नवऱ्याला म्हटलं की बरोबरच आहे त्यांचं. आमच्या गावी कुणाच्या मळ्याचं फाटक उघडं दिसलं तर लावूनच पुढे जायचं, हे मी लहानपणापासून त्यांच्याकडूनच शिकले होते. इथे मी कम्प्युटरवर काम करायची. शेताशी माझा संबंध गाडीच्या काचेतून होता.

रविवारी आम्ही समुद्राकडे गेलो. दिवसभर वायव्येचा गरम वारा सुटला होता. तो इथे सुटला की घसा कोरडा पडतो आणि डोळे चुरचुरतात. संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने गावाकडे परतत होतो, तेव्हा कुंपणालगत एक यूट, म्हणजे मागे सामान टाकायची शेतावरची गाडी, उभी दिसली. एक म्हातारा शेतकरी आणि त्याची बायको आत धावपळ करत होते. बाईंनी आम्हाला हात केला. त्या मला म्हणाल्या की दोघं मुलीकडे गेली होती, आत्ता परत येऊन बघतात तर मेंढ्या पाण्यावाचून कोंडलेल्या. फाटक उघडल्याबरोबर धडधाकट होत्या त्या खालच्या हौदाकडे पळाल्या. पण काही खाली बसल्या आहेत, त्या उठत नाहीत. बादल्या न्यायला मदत कराल का?

वडील माझ्याआधी उतरले. बाईंचं भरभर बोलणं त्यांना कळलं नव्हतं, पण बादली आणि बसलेलं जनावर एवढं त्यांना पुरेसं होतं. चढावर बादली घेऊन ते जवळजवळ पळतच गेले. एका मेंढीपाशी गुडघे टेकून बसले आणि ओंजळीने तिच्या तोंडाशी पाणी धरलं. ती प्यायली. शेतकऱ्याने ते पाहिलं आणि मान हलवून शाबासकी दिल्यासारखं केलं. वडील हसले.

मी दुसरी बादली घेऊन वर आले तेव्हा ते फाटक मला दिसलं. रस्ता वेगळा होता म्हणून आधी ओळखू आलं नाही. खांबापाशी गवत तुडवून माती उघडी पडली होती. तिथेच एक मेंढी आडवी पडली होती, बाकीच्यांच्या पायाखाली आलेली. ती मेलेली होती.

शेतकरी माझ्याशी बोलू लागला, आरडाओरडा न करता. म्हणाला, शहरातून कुणीतरी शहाणा आला असणार, फाटक लावून गेला. पाणी खालच्या पॅडकमध्ये आहे. फाटक जसं असेल तसं ठेवायचं, एवढं साधं लोकांना कळत नाही. मी त्याच्या बोलण्याला मान डोलावली. कशी डोलावली कोण जाणे, पण डोलावली. त्या क्षणी मला असं वाटत होतं की मी त्या माणसाच्या बाजूची आहे आणि तो शहाणा दुसराच कुणी आहे.

वडिलांनी आमच्याकडे पाहिलं. शट आणि गेट हे दोन शब्द त्यांनी मुलांना किती वेळा शिकवले असतील. ते उठले. गुडघ्यांवर ओला चिखल होता.

"फाटकाचं काय म्हणतोय तो?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "बाबा, चला आपण. नंतर सांगते." आणि त्यांची बाही धरली.

त्यांनी बाही सोडवून घेतली, मेलेल्या मेंढीकडे पाहिलं, खांबाला लोंबणाऱ्या साखळीकडे पाहिलं. मग शेतकऱ्यासमोर जाऊन, वर्गात उभं राहतात तसे सरळ उभे राहून ते म्हणाले, "इट वॉज आय."

शेतकऱ्याला कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होते.

"इट वॉज आय हू क्लोज्ड द गेट," वडील पुन्हा म्हणाले. "आय ॲम सॉरी."

 म्हातारा म्हणाला की तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण ते त्याने दुसरीकडे बघत म्हटलं, आणि वडिलांच्या हातातली बादली घेऊन तो स्वतःच पुढच्या मेंढीकडे गेला. बाई म्हणाल्या, आम्हीच पाटी लावायला हवी होती.  वडील रिकाम्या हातांनी तिथेच उभे राहिले. शाळेत पोरं ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने गप्प बसायची, तो माणूस आता आपण जावं की थांबावं हे ठरवू शकत नव्हता. शेवटी नवऱ्याने त्यांना हळूच गाडीपर्यंत आणलं.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मी त्यांची समजूत घालत होते की चूक सगळ्यांकडून होते, तुम्हाला कसं कळणार, तो फार तुसडा वागला. ते ऐकून घेत होते. मग एवढंच म्हणाले, "तो तुसडा नव्हता. त्याचं जनावर गेलं."

मला त्यांची चूक झाल्याची लाज वाटत नव्हती. पण ते त्या गोऱ्या माणसासमोर चिखलाच्या पँटने, पुस्तकी इंग्रजीत कबुली देत होते तेव्हा माझा चेहरा गरम झाला होता, आणि तो त्यांच्यामुळे झाला होता. पहिल्यांदा मला त्यांचीच लाज वाटली. परतताना ते गाडीत मागे बसले होते, तेव्हाच मला हे लख्ख कळलं आणि रस्ताभर आरशात बघवेना.

सोमवारी सकाळी निघायच्या आधी त्यांना शेतकऱ्याकडे पुन्हा जायचं होतं. काही काम असेल तर करीन म्हणाले. आम्ही गेलो. म्हाताऱ्याने काही लागत नाही असं सांगितलं. बाकीच्या मेंढ्या वाचल्या, एवढं मात्र आपणहून सांगितलं. चहाला बोलावलं नाही. त्याने हात पुढे केला, वडिलांनी तो दोन्ही हातांनी धरला, आणि आम्ही परत फिरलो.

पुढे दोन वर्षांनी मी कराडला गेले. वडिलांचे सकाळी फिरायला जाणारे मित्र घरी चहाला बसले होते. त्यातले एक जण हसत मला म्हणाले, "तुझ्या वडिलांनी तिकडे मेंढी मारली म्हणे."

मला वाटलं कुणीतरी त्यांची फजिती करतंय. मी घाईघाईने म्हटलं की नाही हो, तसं काही नव्हतं, तिकडच्या लोकांचे नियम वेगळे असतात. आणि न्यूझीलंडच्या डोंगरांचं काहीतरी सांगायला लागले.

वडिलांनी मला मध्येच थांबवलं. "मारलीच," ते म्हणाले. "मीच सांगितलंय यांना." आणि त्या मित्रांपैकी जो नवीन होता त्याच्याकडे वळून त्यांनी हौदापासून सुरुवात केली, पाणी कुठल्या बाजूला होतं आणि मेंढ्या कुठल्या. मी कपबशा उचलून आत गेले.