संडासाच्या दाराचा रंधा

वामन गेल्याचा निरोप कार्यालयात आला तेव्हा शहर आवृत्तीची पाने लागत होती. आमच्या दैनिकात तो मुद्रितशोधक होता. त्या दिवशीची पाने दुसऱ्याने तपासली आणि अंक वेळेवर निघाला. नंतर महाल भागातल्या त्याच्या भाड्याच्या घराच्या अंगणात शोकसभा झाली. वामन किती निगर्वी, किती परोपकारी होता हे सांगून वक्ते एकेक करून खाली बसले. त्याच अंगणाच्या टोकाला सगळ्या बिऱ्हाडांचा सामाईक संडास आहे. त्याच्या दाराबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

त्या दाराची गोष्ट साठच्या दशकातली. संडास तेव्हा टोपलीचा होता; मैला खालच्या टोपलीत पडे. पावसाळ्यात दार फुगे, चौकटीत बसत नसे, कडी लागत नसे. पुरुष आत बसून खाकरत आणि वेळ निभावून नेत. बायकांनी आतून दोरी ओढून धरायची. वामन, त्याचे थोरले भाऊ दादासाहेब आणि विधवा बहीण कमलताई एकाच बिऱ्हाडात राहत. एकदा बाहेरून कोणीतरी दार ओढले आणि कमलताईच्या हातातली दोरी सुटली. तेव्हापासून तिने दुपारनंतर पाणी पिणे सोडले. पुढे लघवीला जळजळ सुरू झाली, ताप धरला. औषध चालू होते, पण पाणी ती पीत नव्हती. दार नीट करून द्या म्हटल्यावर घरमालकाने हसून विषय टाळला. ओळखीच्या सुताराने दार कोणते ते ऐकले आणि हत्यारांची पिशवी उचलली. "त्या दाराले हात लावला हे कळलं, तं देवघराचं काम मले कोण देईन, भाऊ?"

वामनने मग इतवारीतल्या कबाड्याकडून जुना लोखंडी रंधा आणला. वरून चांदीचा रंग चकाकत होता. रॉकेलमध्ये बुडवल्यावर तो सुटला. खाली गंज होता, मुठीची भेग पुट्टीने बुजवलेली होती, आणि पात्यामागे कुजक्या चरबीत केस व झुरळाचे पंख चिकटलेले होते. "कबाड्यानं पावडर लावून नवरदेव दाखवला, पाह्य," वामन म्हणाला. गंज खरवडून त्याने घाईने रंधा दारावर चालवला. तळ वाकडा होता; पाते एका कोपऱ्याने रुतले आणि लाकडाचा लचका निघाला. अंथरुणातून उठून पाहायला आलेली कमलताई म्हणाली, "दार गेलं तं गेलं गा वामन, चौकट तरी वाचव." तो ओशाळून हसला. त्यानंतर रोज कामावरून आला की शहाबादी फरशीवर एमरी कागद पसरून तो तळ घासू लागला. तळावर पेन्सिलीच्या रेघा मारायच्या आणि घासायचे. रेघ जिथे शिल्लक राहील तिथे खड्डा आहे असे समजून पुन्हा घासायचे. पात्याला दगडावर धार लावली, मुठीतली पुट्टी काढून सरस भरला. मग उघडीप पाहून दार बिजागऱ्यांवरून उतरवले आणि अंगणात आडवे टाकले. बिऱ्हाडकरूंनी खिडक्या लावून घेतल्या. रंध्यातून पातळ, अखंड साल निघाली. दार बसले, कडी लागली. कमलताई त्या संध्याकाळी तांब्याभर पाणी प्याली.

खांडेनवमीला दादासाहेबांनी हत्यारांच्या पूजेसाठी पाटावर कात्री, विळा, कुदळ मांडली. वामनने शेजारी रंधा ठेवला. दादासाहेबांनी तो हाताने उचलला नाही. काठीने खाली ढकलला. "काहून गा, देवापुढं संडास मांडून राहिला काय?" वामनने रंधा घेतला आणि त्यावर उडालेले कुंकवाचे पाणी सदऱ्याच्या टोकाने पुसले. "बरं केलं दादा. ओल्या कुंकवानं जंग धरला असता." तेव्हापासून रंधा संडासाजवळच्या कोनाड्यात राहिला. पुढे टोपली गेली, गटाराची नळी आली, दार तेच राहिले. दर पावसाळ्यात ते फुगले की बिऱ्हाडकरू वामनला हाका मारत. काम झाले की त्याला आंघोळ करून ये म्हणून सांगत, आणि तोवर आपल्या ओट्याला टेकू देत नसत. शोकसभेत ही माणसे पहिल्या रांगेत होती.

वामनवर लेख लिहायचा म्हणून परवा त्या घरी जाणे झाले. दादासाहेबांनी हुडकेश्वरला घर बांधायला काढले आहे. "वामनचा रंधा चांगला पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवणार आहे," ते म्हणाले, "लेखात तेवढं घाला." इतक्या वर्षांत त्या वस्तूला त्यांचा हात लागलेला नव्हता, आणि आता तिच्यामागे त्यांना स्वतःचे नाव छापून हवे होते. किळस येण्यासाठी कुजकी चरबीच लागते असे नाही.

कमलताई सुपारी कातरत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुमच्या शोकेसमंदी देवाच्या तसबिरी असतीन ना, दादा? बाटतीन."

"तू बी काय जुनं उकरून राहिली वं, कमल!" दादासाहेब हसले. तिने अडकित्ता ठेवला आणि अंगणात गेली.

नुकतीच सर येऊन गेली होती; दार चौकटीला अडत होते. तिने कोनाड्यातून रंधा घेतला, पदर खोचला आणि दाराच्या कडेवरून तो खाली ओढत नेला. साल पायाशी पडली. पुन्हा एकदा... मग तळाला तेलाचे बोट फिरवून तिने रंधा जागेवर ठेवला, आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला.

बाहेर दादासाहेब टमरेल घेऊन आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे होते.